रस्ता कोणाच्या मालकीचा?

(एकलहरे, जि. नाशिक येथे बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी जो विषय तुमच्यापुढे मांडणार आहे तो ऐकून तुमच्यापैकी काहींना असे वाटेल की, या वकिलाला बोलावले हक्कांवर बोलण्यासाठी, आणि हा मोटारी कोठे उभ्या कराव्यात याची चर्चा करीत आहे. ही शंका स्वाभाविक आहे. परंतु ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक रस्त्यावरून मोकळेपणाने चालू दिले गेले नाही, त्या समाजाने रस्त्याचा प्रश्न दुसऱ्यांवर सोपवून घरी बसणे योग्य होणार नाही. रस्ता कोणाचा, त्यावर प्रथम हक्क कोणाचा, आणि तो हक्क कागदावरून पायाखाली कसा आणावयाचा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

वादाचा विषय तुम्हांला ठाऊक आहे. नाशिक शहराच्या मध्यभागी, म्हणजे शालिमार, मेन रोड, महात्मा गांधी मार्ग, रविवार कारंजा, भद्रकाली या भागांत वाहन उभे करण्यास जागा उरलेली नाही. एक पक्ष म्हणतो, वाहनतळ वाढवा, बहुमजली वाहनतळ बांधा, रस्ते रुंद करा, फेरीवाले हटवा. अन्यथा गिऱ्हाईक बाजारात येणार नाही आणि जुने शहर ओस पडेल. दुसरा पक्ष म्हणतो, बसगाड्या वाढवा, पदपथ मोकळे करा, आणि मोटारीच्या जागेचे भाडे मोटारवाल्याकडून घ्या. या वादात व्यापारी बोलतात, बांधकाम करणारे बोलतात, अधिकारी बोलतात. जो पायी चालतो, जो बसथांब्यावर उभा राहतो, जो हातगाडी लावतो, त्याला मात्र कोणी विचारीत नाही. आपली बहुसंख्य माणसे याच तिघांत मोडतात.

रस्त्याचा इतिहास विसरू नका

१९२४ साली त्रावणकोर संस्थानातील वैकोम येथे सत्याग्रह झाला, तो देवळात शिरण्यासाठी नव्हे, तर देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यावरून चालण्यासाठी. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जो प्रसंग घडला, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता की, नगरपालिकेची मालमत्ता सर्वांची की काहींची? १९३० साली याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला.

वाहनाविषयीचा एक प्रसंग मी मुद्दाम सांगतो. तो आपल्या शेजारच्या चाळीसगावचा, १९२९ सालचा आहे. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते आणि सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. स्टेशनवरून महारवाड्यात त्यांना नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्या ज्या माणसाने लगाम हाती घेतला त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. खाजगी वाहनाचा मालक माणसाची जात पाहून 'नाही' म्हणू शकत होता, हे या प्रसंगात दिसते.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली एस.टी. धावली. एस.टी.ने जातिभेद नष्ट केला असे मी म्हणणार नाही. परंतु वाहक विचारतो तो एकच प्रश्न, कोठे जावयाचे? तिकीट घेतले की आसन तुमचे. सार्वजनिक वाहन ही केवळ सोय नसून ती एक सामाजिक संस्था आहे, हे आपल्याइतके कोणी जाणत नाही.

कायदा काय सांगतो

आता घटनेकडे वळू. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांच्याबरोबर रस्ते व सार्वजनिक वापराची ठिकाणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास त्यांच्या वापरापासून रोखता येणार नाही. तथापि वकील या नात्याने मला येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. या खंडात पैशाचा उल्लेख नाही. मोटार नाही म्हणून ज्याला रस्त्याच्या कडेवरून वाहनांच्या मधोमध उतरून चालावे लागते, त्याला हा अनुच्छेद सरळ मदतीस येणार नाही. जातीने बंद केलेला रस्ता आणि मोटारींनी भरून गेलेला रस्ता या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीत अपमान होता. दुसरीत बेपर्वाई आहे. दोहोंवरचा उपायही वेगळा आहे.

दुसरीवरचा उपाय अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या हक्कात आहे. १९८६ साली हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध उमेदराम शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे डोंगरी गावांचा प्रश्न आला. तक्रारदार अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील गरीब रहिवासी होते आणि त्यांच्या गावाकडे जाणारा रस्ता अपुरा राहिला होता. डोंगरात राहणाऱ्याला रस्ता मिळणे म्हणजे जगण्याची वाट मिळणे होय, असे तत्त्व त्या निकालाने मान्य केले. पुढे मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, अडथळा नसलेला आणि दिव्यांगांना वापरता येईल असा पदपथ मिळणे हा पादचाऱ्याचा अनुच्छेद २१ खालील हक्क आहे. पदपथ ही नगरपालिकेची मेहेरबानी राहिलेली नाही.

महापालिकेच्या हद्दीतील सार्वजनिक रस्ते कायद्याने महापालिकेकडे निहित असतात. महापालिका त्यांची मालक आहे ती विश्वस्त म्हणून. दुकानदार म्हणतो, 'माझ्या दुकानापुढची जागा माझी, मी वीस वर्षे येथेच गाडी लावतो.' या म्हणण्यास महाडच्या खटल्यात उत्तर आहे. चवदार तळ्याविषयी स्पृश्यांनी न्यायालयात हेच सांगितले होते की, पूर्वापार रूढी आमच्या बाजूची आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, तशी अनादि रूढी सिद्ध होत नाही. सार्वजनिक मालमत्तेवर केवळ सवयीने हक्क उत्पन्न होत नसतो. मोटारीच्या मालकालाही यापेक्षा निराळा न्याय नाही.

एका मोटारीची जागा

आता थोडा हिशेब करू. राज्याच्या बांधकाम नियमावलीत एका मोटारीस साधारण अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. मुंबईच्या बी.डी.डी. चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. ज्या खोलीत आपल्या कुटुंबांच्या दोन दोन पिढ्या वाढल्या, जवळजवळ तेवढी जागा एक रिकामी मोटार दिवसभर अडवून उभी राहते, तीही शहरातील सर्वांत महाग जमिनीवर आणि बहुधा एक पैसा न देता. त्याच जागेत सहा दुचाकी उभ्या राहतात. चाळीस माणसे मोटारीत दोन दोन बसून आली तर वीस मोटारींना २५० चौरस मीटर जागा लागेल. तीच माणसे घेऊन येणारी बस सुमारे ३० चौरस मीटर जागा घेते आणि प्रवासी उतरवून निघून जाते.

२०११ च्या जनगणनेत देशातील शंभरांपैकी पाच कुटुंबांकडेही चारचाकी मोटार नव्हती. त्यानंतर मोटारी पुष्कळ वाढल्या, तरी बहुसंख्य कुटुंबे आजही मोटारीवाचून आहेत. सबब फुकट वाहनतळ म्हणजे बहुसंख्यांच्या जमिनीतून अल्पसंख्यांना दिलेले इनाम होय. वतने आणि इनामे कायद्याने गेली. ही नवी इनामदारी मात्र पांढऱ्या पट्ट्यांच्या रूपाने रस्त्यावर आखली जाते. भारत सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात दोन्ही गोष्टी मान्य केलेल्या आहेत. रस्त्यावरील जागेची वाटणी वाहनांना नव्हे, माणसांना केंद्र मानून करावी, आणि वाहन उभे करण्याचे शुल्क त्या जमिनीच्या मोलाला शोभेल असे असावे. धोरण चांगले आहे. पण धोरण स्वतःच्या पायांनी चालत नाही. पुणे महापालिकेने २०१८ साली वाहनतळाचे धोरण मंजूर केले. रस्त्यावरील जागेस शुल्क लावण्याचा त्यातील भाग विरोधामुळे वर्षानुवर्षे अमलात आला नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे

प्रतिपक्षाचे म्हणणे टाळून जाणे वकिलाला शोभत नाही. व्यापारी म्हणतो, गाडी लावावयास जागा नसेल तर गिऱ्हाईक येणार नाही. यात तथ्य आहे. परंतु मेन रोडला येणारे प्रत्येक गिऱ्हाईक मोटारीतून येते काय? आणि दुकानापुढची जागा सकाळपासून जो अडवून बसतो तो बहुधा गिऱ्हाईक नसतो. तो त्याच बाजारातला मालक किंवा नोकर असतो. तासाप्रमाणे पैसे घेतले तर हीच जागा दिवसातून अनेक गिऱ्हाइकांच्या कामी येईल. शिवाय नव्या इमारतीत वाहनतळ ठेवणे नियमाने बंधनकारक आहे. त्याच तळघरात पुढे दुकाने वा गोदामे थाटली जातात, आणि मग त्याच इमारतीची वाहने रस्त्यावर येतात. बहुमजली वाहनतळ मागण्यापूर्वी ही तळघरे मोकळी करा, असे आपण म्हटले पाहिजे.

दुसरे म्हणणे आपल्याच घरातले आहे. आपला मुलगा शिकतो, सातपूर-अंबडच्या कारखान्यात किंवा सरकारी कचेरीत नोकरीस लागतो, कर्ज काढून मोटार घेतो. ज्यांच्या आजोबांना टांगेवाल्याने बसू दिले नाही, त्यांच्या दारात मोटार उभी राहिली, या अभिमानाला मी नावे ठेवणार नाही. तो अभिमान न्याय्य आहे. मोटार घेऊ नका, असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढेच की, ती ठेवण्यास जागा आपली असावी, आणि ती सर्वांच्या जागेत ठेवली तर भाडे द्यावे. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे की, गाडी ठेवण्याची जागा रस्त्याबाहेर असल्याचा दाखला मोटारीच्या मालकाने दिला पाहिजे. त्यामुळे जपानात मोटारी खपल्या नाहीत असे कोण म्हणेल? आणि घरात मोटार एक असली, तरी ती एकच माणूस घेऊन जातो. त्याची आई दवाखान्यात, बहीण महाविद्यालयात आणि वडील बाजारात कशाने जाणार? मोटार असलेल्या कुटुंबालाही बस लागतेच.

परदेशचे दोन धडे

जगात ज्या शहराला मोटारींचे शहर म्हणतात ते अमेरिकेतील डेट्रॉइट. तेथे ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या निग्रो लोकांच्या गजबजलेल्या वस्त्या होत्या. १९५० नंतरच्या काळात 'शहर सुधारणा' आणि वेगवान मोटाररस्ता यांच्या नावाखाली त्या पाडल्या गेल्या. मोटारींसाठी जागा करावयाची म्हटले की ती सर्वांत दुबळ्या माणसाच्या घरादारातून प्रथम काढली जाते. 'रस्ते रुंद करा, फेरीवाले हटवा' ही घोषणा ऐकताना डेट्रॉइट आठवा.

दुसरा धडा माँटगोमेरीचा. ५ डिसेंबर १९५५ पासून तेथील निग्रो नागरिकांनी शहराच्या बसवर बहिष्कार घातला, कारण त्यांना मागे बसविले जाई आणि गोऱ्यासाठी उठविले जाई. ३८१ दिवस ते पायी चालले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला त्या दिवशीही ते चालतच होते. त्या लोकांनी 'आम्हांला मोटारी द्या' अशी मागणी केली नाही. बस ही आमचीही आहे, आणि तीत आम्हांला मानाने बसता आले पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. ती त्यांनी मिळविली.

नाशिकची बस

नाशिकमध्ये शहर बससेवा पूर्वी एस.टी. चालवीत असे. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेने स्वतःची परिवहन कंपनी काढून 'सिटीलिंक' ही सेवा सुरू केली. तिच्या गाड्या शहराच्या हद्दीबाहेरील गावांनाही जातात. ही चांगली गोष्ट झाली. परंतु गाड्या व माणसे ठेकेदारांची आहेत, आणि वेतन थकल्यामुळे वाहकांनी व चालकांनी वारंवार काम बंद ठेवले. बस बंद पडली की मोटारवाल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तुम्हांला मात्र शेअर रिक्षात चौघांच्या जागी सहा जण बसून नाशिकरोड गाठावे लागते. सबब वाहकाचे वेतन वेळेवर होणे हा केवळ वाहकाचा प्रश्न नाही. तो प्रवाशाच्याही हक्काचा प्रश्न आहे.

मोठ्या योजनांना भुलू नका. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या 'मेट्रो निओ'साठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. घोषणेस वर्षे लोटली; प्रवासी मात्र बसथांब्यावरच उभा राहिला. दर दहा मिनिटांनी येणारी साधी बस ही घोषणेतल्या मेट्रोपेक्षा अधिक मोलाची आहे.

मोटारी बाहेर थांबवून माणसांना बसने आत नेणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना नाशिकनेच उत्तर दिलेले आहे. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी खाजगी वाहने शहराबाहेरील वाहनतळांवर अडविण्यात आली, आणि तेथून एस.टी.च्या गाड्यांनी लोकांना आत आणले. चालण्याचे अंतर फार झाल्याच्या तक्रारी झाल्या, त्या रास्तही होत्या. तथापि लक्षावधी माणसे मोटारीवाचून शहरात आली आणि परत गेली. त्या पर्वाशी आपला धार्मिक संबंध नाही. पण त्यासाठी खर्च होणारा पैसा सर्वांचा आहे. यात्रेकरूसाठी जे चार दिवस करता येते, ते कामकऱ्यासाठी बारा महिने का करता येऊ नये?

तुम्ही काय करावे

एकलहरे हे एक विचित्र गाव आहे. १९७० च्या सुमारास येथे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. येथील विजेने दूरदूरची शहरे उजळली. जनगणनेने याची गणना शहरात केली, पण कारभार ग्रामपंचायतीचा राहिला. म्हणजे तुमची नोकरी, तुमचे दवाखाने, तुमच्या मुलांची महाविद्यालये नाशिक व नाशिकरोडला. पण त्या महापालिकेत तुम्हांला मत नाही. ज्या गावाला मत नाही, त्याने लेखणी अधिक वापरली पाहिजे. म्हणून पुढील गोष्टी करा.

पहिली : ग्रामसभेत ठराव मांडा. पहाटेच्या व रात्रीच्या पाळीस, आणि महाविद्यालयाच्या वेळेस बसच्या किती फेऱ्या हव्यात, हे त्यात वेळेसह लिहा. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. तीत हा विषय प्रथम घ्या, कारण रात्रीच्या थांब्यावरची भीती स्त्रियांना ठाऊक असते. ठरावाची प्रत परिवहन कंपनीस पाठवा आणि पोच घ्या.

दुसरी : २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. ठरलेल्या किती फेऱ्या झाल्या आणि किती रद्द झाल्या, कोणत्या इमारतीच्या तळघरात वाहनतळ मंजूर आहे, हे विचारा. हे आकडे हाती आले की अधिकाऱ्याला बोलणे टाळता येत नाही.

तिसरी : विकास आराखडा किंवा त्यातील फेरबदल प्रसिद्ध झाला की १९६६ च्या नगररचना कायद्याखाली हरकती व सूचना मागविल्या जातात. ती मुदत चुकवू नका. वस्तीवर आरक्षण पडल्याचे पुष्कळांना बुलडोझर दारात आल्यावर कळते. हरकत लेखी द्या आणि सुनावणीस हजर राहा.

चौथी : जे हातगाडीवर पोट भरतात त्यांनी २०१४ चा पथविक्रेता कायदा समजून घ्यावा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यास उठविता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांचे असावे लागतात. मात्र पदपथ विक्रेत्याने संपूर्ण अडवावा असा या कायद्याचा अर्थ नाही. चालणाऱ्याचा हक्क विक्रेत्यासही बांधील आहे. मोटारीने घेतलेली जागा परत मिळाली, तर चालणारा आणि विकणारा या दोघांनाही तीत जागा आहे.

पाचवी : जे शिकले आहेत त्यांनी इतरांचे अर्ज लिहून द्यावेत. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. शंभरांचा अर्ज वाचावा लागतो.

बंधुभगिनींनो, धम्म स्वीकारताना आपण समतेची प्रतिज्ञा केली. समता विहारात बसून शिकता येते. पण तिची परीक्षा रस्त्यावर होते. ज्या शहरात मोटारीला सावली आहे आणि थांब्यावर उभ्या असलेल्या म्हातारीला नाही, ते शहर घटनेप्रमाणे चालते असे मी मानीत नाही. रस्ता मागण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी लाठ्या खाल्ल्या. आपणांस लाठ्या खावयाच्या नाहीत. अर्ज लिहावयाचा आहे, सभेला जावयाचे आहे, आणि उत्तर येईपर्यंत मागणी सोडावयाची नाही. एवढे श्रम ज्यांना जड वाटतील त्यांनी पुढच्या आराखड्यात आपली जागा गेल्याची तक्रार करू नये. येत्या ग्रामसभेची तारीख विचारून ठेवा, आणि त्या दिवशी घरातील सर्व प्रौढ माणसांनी सभेला जा.

जय भीम!